कहाणीची मुदत

"तांदूळ मुठीत घे, पुष्पा, अन् कहाणी पुरी होयेस्तोवर जागचं हलू नको. मधातून उठलीस तर कहाणी अर्धी राह्यते. अर्ध्या कहाणीले घर नसते बाई, ते वाऱ्यावर फिरते."

सासूबाईंनी, जनकाबाईंनी, हे पुष्पांजलीला सांगितलं त्याला आता चोवीस वर्षं झाली. नवी सून म्हणून ती वडनेर भोलजीच्या या घरात आली, तिची पहिलीच संकष्टी होती. कहाणी ऐकता ऐकता चुलीवर दूध उतू जाताना दिसलं म्हणून ती उठायला गेली, तर सासूबाईंनी मनगट धरून तिला खाली बसवलं. दूध गेलं. कहाणी पुरी झाली. तेव्हापासून पुष्पांजलीनं चतुर्थी कधी चुकवली नाही आणि मुठीतले तांदूळ कधी मधेच सोडले नाहीत.

जनकाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्यासारखी कहाणी सांगणारं गावात कोणी उरलं नव्हतं. पोथीतली कहाणी वेगळी, त्यांची वेगळी. तिच्यात सातपुडा होता, पूर्णेचा डोह होता, आणि सातवी सून उपाशी आहे म्हणून डोंगराआड थांबून राहिलेला चंद्र होता. "सारं जग चंद्राची वाट पाह्यते. अन् चंद्र कोणाची वाट पाह्यते? तर त्या उपाशी पोरीची," असं म्हणून त्या जरा थांबायच्या, आणि ऐकणाऱ्या बायांनी धरलेला श्वास सुद्धा ऐकू यायचा.

तो आवाज आता एकाच जागी शिल्लक होता, जनकाबाईंच्या जुन्या मोबाइलात. आणि तो मोबाइल सासऱ्यांनी, भगवानरावांनी, बायको गेल्यावर आपल्या लोखंडी पेटीत कुलूप घालून ठेवला होता. पुष्पांजलीनं एकदोनदा मागून पाहिला. "काय कराचं हाय?" एवढंच उत्तर यायचं.

म्हणून, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होऊन गेल्यावर शुक्रवारी सकाळी भगवानरावांनी आपणहून तो मोबाइल आणून तिच्यापुढं ओट्यावर ठेवला, तेव्हा तिला नवल वाटलं. मोबाइलचं पोट फुगलेलं होतं, मागचं झाकण उघडून आलं होतं.

"चार्जिंग घेत नाही," भगवानराव म्हणाले. अठ्ठ्याहत्तरी गाठलेला माणूस, पाठ अजून ताठ. पण आज बोलताना नजर रस्त्याकडं होती. "अंदरचं काई निघते का पाह्य. तुही ते समता हाय न, कॉम्प्युटरवाली. तिले दाखव."

"तुमीच तर म्हणत होते, काय कराचं हाय."

"म्हटलं असंन. आता म्हणून राह्यलो, पाह्य."

पुष्पांजलीनं मोबाइल पदराच्या टोकात घेतला. त्यात काय आहे ते तिला ठाऊक होतं. भरलं तेव्हा ती तिथंच भिंतीला टेकून बसली होती.

ते भरलं होतं करिष्मासाठी. करिष्मा म्हणजे जनकाबाईंची धाकटी लेक. नऊ वर्षांमागं तिनं कॉलेजातल्या संघपालशी लग्न केलं. मुलगा बौद्ध घरातला, शिकलेला, नोकरीचा, बोलायला मऊ. पण भगवानरावांनी त्याच्यातलं एक अक्षर ऐकून घेतलं नाही. "इथं याचं नाही अन् इथं फोनही कराचा नाही," असं त्यांनी लेकीला तोंडावर सांगितलं. लेकही त्यांचीच. तिनं तो शब्द पाळला. ती कुठं राहते, कशी आहे, हे या घरात कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही, असं होऊन बसलं.

शेवटच्या दुखण्यात जनकाबाईंनी कहाणी मोबाइलात भरून ठेवली. आणि एका दुपारी पुष्पांजलीचा हात धरून म्हणाल्या, "पह्यलं बाळंतपण माहेराचं असते. पोरीले दिवस जातीन तवा हे घर तिले बलावणार नाही, मले माहीत हाय. तू जाजो. तुह्या हातानं कर. शबुद दे."

"जाईन, आत्याबाई."

शब्द तर दिला. पण जायचं कुठं? पत्ता नाही, नंबर नाही. रोज सकाळी दिवा लावताना पुष्पांजली देवापुढं दुसरं काही मागायची नाही. बाप्पा, मला त्या माउलीपुढं खोटी पाडू नको, एवढंच.

*

पुष्पांजली गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. दोन खोल्या, चार कपाटं, वर्तमानपत्रांचं लांब टेबल आणि कोपऱ्यात एक संगणक. समता गावातलीच, तीही बौद्ध घरातली, तिशीची, नांदुऱ्याच्या एका कॉलेजात संगणक शिकवायची. सुटी असली की वाचनालयात येऊन बसायची. त्या दिवशी तिला सुटी होती.

तिनं मोबाइलचं झाकण काढलं, आतून नखाएवढं कार्ड काढून संगणकाला लावलं. "फोन गेला, वहिनी. पण कार्ड जितं हाय. ऐकाचं?"

आधी खरखर आली. मग गोठ्यातल्या म्हशीचं हंबरणं. मग भगवानरावांचा आवाज, तीन वर्षांनी तरुण: "कोणासाठी भरून राह्यली? जे गेली ते गेली." आणि लगेच जनकाबाई, शांत: "गेली त गेली. बसा इथं, तुमीबी आयका. तांदूळ घेतले काय?"

पुष्पांजलीची उजवी मूठ आपोआप मिटली. बावीस मिनिटं दोघी हलल्या नाहीत. कहाणी संपली तेव्हा समतानं नुसता चष्मा काढून पुसला.

"याच्या प्रती करून ठेवतो. एक तुमच्या मोबाइलमध्ये, एक इथं."

"इथं?" पुष्पांजलीनं संगणकाकडं पाहिलं. दोन वर्षांमागं याच संगणकाची डिस्क बसली होती आणि सगळ्या पुस्तकांची यादी एका सकाळी नाहीशी झाली होती. "मोबाइल फुगते, हे बसते. यंत्राचा काय भरोसा, समता?"

समतानं खुर्ची जवळ ओढली. "मी एक नवीन शिकून राह्यली. दाखवू? याच्यात फाइल एका जागी नसतेच. तिचे तुकडे होतात, शेकड्यानं. ते जगभरच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतात. कोणापाशीच पुरी कहाणी नसते. अन् त्यातले तीनातले दोन हिस्से बुडाले, तरी उरलेल्या एका हिश्शातून पुरी परत येते."

"एका हिश्शातून पुरी? असं कसं व?"

"गणित हाय. तुमच्या भजनी मंडळात पंधरा बाया. पाचच आल्या तरी आरती पुरी होते न?"

"होते. कारण सगळ्यांले पुरी येते."

"इथं कोणालेच पुरी येत नाही. तरी होते."

ही गोष्ट पुष्पांजलीनं मनात दोनदा फिरवून पाहिली. कोणालाच पुरी येत नाही, आणि तरी पुरी होते. तिला ते काही अशक्य वाटलं नाही. जगात देव कसा आहे हे विचारलं, तर तिलाही असंच काहीतरी सांगता आलं असतं. फक्त तिला त्याचं गणित येत नव्हतं.

"अन् हे सारं कोणाच्या मालकीचं?"

"एकाच्या नाही. कोणी काय ठेवलं, कवा ठेवलं, किती दिवसांसाठी, याची नोंदवही सगळ्यांपाशी सारखी असते. एकानं खोडाचं म्हटलं तर खोडता येत नाही. त्याले ब्लॉकचेन म्हणतात. पण वहिनी, आधीच सांगतो, हे चाचणीचं जाळं हाय, टेस्टनेट. शिकणाऱ्याइसाठी. इथली नाणी खोटी, फुकट भेटतात. ठेवलेलं कोणीबी उघडून ऐकू शकते. अन् हे जाळं कवा धुऊन टाकतीन, नेम नाही."

"मंग इथं कशाले?"

"शिकाचं तर इथंच शिका लागते. मराठीत याच्यावर एकच टिपण सापडलं मले नेटवर. नाव-गाव काई नाही लिहिणाऱ्याचं. पण काय सोपं लिहिलं." समतानं ते पडद्यावर उघडून वाचलं. "'सगळे सांगतात, चाचणीच्या जाळ्यावर मोलाची वस्तू ठेवू नका. मी सांगते, मूळ वस्तू घरी जपा, आणि प्रत इथं अशीच ठेवा जी हरवायच्या विचारानं पोटात कालवतं. म्हणजे मुदत वाढवायला विसरणार नाही.'"

"बाई हाय," पुष्पांजली म्हणाली.

"कशावरून?"

"'मी सांगते' म्हणते न. अन् पोटात कालवते म्हणते."

दोघी टिपणाबरहुकूम चालू लागल्या. आधी पाकीट, म्हणजे नाण्यांचं खातं, उघडायचं होतं. ते उघडताच पडद्यावर बारा इंग्रजी शब्द आले. हे कागदावर लिहा, हरवू नका, हीच किल्ली. पुष्पांजलीनं वळणदार अक्षरात ते उतरवले, आणि पाठ व्हावेत म्हणून सुरात म्हणायला लागली. वर्तमानपत्र वाचायला आलेल्या बनाबाई मान वर करून विचारत्या झाल्या, "कोणतं स्तोत्र हाय, पुष्पाबाई?"

"वहिनी, मनात," समता हसू दाबत म्हणाली. "हे कोणाले ऐकू द्याचे नसतात. गुरुमंत्र समजा."

"मंग आधी सांगाचं न." पुष्पांजलीनं ओठ मिटले आणि पुढचा जप मनात केला.

मग ठेवणावळ भरायला नाणी. समतानं एक बटण दाबलं. "याले फॉसेट म्हणतात. म्हणजे नळ. मागितलं की देते." दोन क्षणांत खोटी नाणी खात्यात येऊन पडली.

"आपल्या नळाले आठ दिवसाआड पाणी," बनाबाई पेपरामागून म्हणाल्या. "ग्रामपंचायतीले सांगा, ह्या नळासारखा बसवा म्हणा."

आता फाइल ठेवायची वेळ आली, तशी पुष्पांजली अडखळली. "हे कोणीबी ऐकू शकते म्हणतेस न? मंग समता, सुरुवातीचं तेवढं काढता येईन का? मामंजींचं. घरातलं बोलणं जगाले कशाले."

समतानं पहिली चाळीस सेकंदं कापली आणि उरलेली फाइल सोडली. पडद्यावर एक रेघ सरकत गेली. वडनेरच्या या खोलीतून जनकाबाईंचा आवाज तुकडे तुकडे होऊन निघाला, आणि पुष्पांजलीला वाटलं, आपण खिडकीशी उभं राहिलो तर जाताना दिसेल. कोणता तुकडा जर्मनीला गेला, कोणता कोरियाला, कोणता समुद्रापलीकडच्या कुठल्या थंड खोलीत. तिथल्या माणसाला मराठी येत नाही, चतुर्थी ठाऊक नाही, आणि त्याच्या यंत्रात सातपुड्याआडच्या चंद्राचा एक कण जाऊन बसला. रेघ पुरी झाली. "ठेवलं" असा शब्द आला, आणि खाली अक्षरं-आकड्यांची लांब ओळ.

"हे फाइलीचं नाव," समता म्हणाली. "हे आपण नाही ठेवलं. फाइलीच्या अंगातूनच निघते. एक श्वास इकडचा तिकडं झाला तरी नाव बदलते. अन् हीच फाइल कोणी अमेरिकेतून ठेवली, तरी नाव हेच येईन."

"म्हणजे कोणी ठेवाच्या आधीपासून तिचं नाव ठरलेलंच असते?"

"हाव. कोणी काढलं नसंन, पण असतेच."

पुष्पांजलीनं नकळत हात जोडले, आणि समता पाहते आहे हे लक्षात आल्यावर ते तसेच पदरात लपवले.

तरी तिचं समाधान होईना. ती खुर्चीच्या कडेवर सरकली. मग हळूच म्हणाली, "समता, आपण कहाणी मधातून सुरू केली."

"फक्त भांडण काढलं, वहिनी."

"त्याच्यातच 'तांदूळ घेतले काय' होतं. तेही गेलं. तांदळाबिगर कहाणी सुरू होत नाही. अर्धी ठेवली आपण. राग येऊ देऊ नको, पण पुरी ठेव. भांडण राह्यलं तर राह्यलं. घरात माणसं होती एवढंच कळंन लोकाले."

समतानं "बाप्पा" म्हणून कपाळाला हात लावला, आणि मूळ फाइल, म्हशीपासून शेवटापर्यंत, जशीच्या तशी सोडली. रेघ सरकली. या वेळी "ठेवलं" आलं नाही. समतानं डोळे बारीक करून वाचलं, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा वाचलं.

"काय झालं?"

"हे म्हणते, ही फाइल इथं आधीच ठेवलेली हाय."

"ते अर्धी ठेवली न मघाशी."

"तिचं नाव वेगळं. ही पुरी. हीच. म्हशीसकट." समता तिच्याकडं वळली. "वहिनी, ही अजून कोणापाशी हाय?"

"कोणापाशीच नाही. पेटीत होती. कुलपात."

"मंग जगात कोठीतरी अजून एक माणूस हाय, ज्याच्यापाशी हीच हाय. श्वासान् श्वास हीच."

बनाबाईंचा पेपर खाली आला होता. एवढ्या मोठ्या जाळ्यात, जिथं कोणापाशीच काही पुरं नसतं, तिथं पुष्पांजलीच्या सासूचा आवाज तिच्याआधी जाऊन बसला होता.

समतानं नोंदवही उघडली. ठेवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसती आकड्यांची खूण. पण तारखा होत्या, वेळा होत्या. "चौदा जूनले ठेवली. या जाळ्यावर त्रेपन्न दिवसांच्या वर ठेवता येत नाही, म्हणून मुदत वाढवत गेली. चौदा जुलै. बारा ऑगस्ट. दहा सप्टेंबर. दहा ऑक्टोबर. हे असे वाकडेतिकडे दिवस काऊन? मी असतो तर एक तारीख धरली असती."

"पुन्हा म्हण."

"चौदा जून, चौदा जुलै, बारा ऑगस्ट..."

"बारा ऑगस्टले अंगारकी होती," पुष्पांजली म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला की समताला पुढं वाकावं लागलं. "चौदा जुलैले सोमवार होता. मी भगर केली होती. दहा ऑक्टोबरले मंडळातल्या सगळ्या माह्याकडं होत्या. या साऱ्या संकष्ट्या हायेत, समता."

खिळ्यावरचं कॅलेंडर काढून तिनं टेबलावर पसरलं. एकेक पान उलटलं. प्रत्येक चतुर्थीखाली बारीक अक्षरात चंद्रोदयाची वेळ छापलेली होती, आणि नोंदवहीतली प्रत्येक वेळ तिच्या थोडी आधीची होती. कोणी एक बाई दर संकष्टीला, चंद्र उगवायच्या आधी, जनकाबाईंची कहाणी पुरी ऐकत होती, आणि ऐकून झाली की तिची मुदत वाढवत होती. वही सगळ्या जगापुढं उघडी होती. हजारो माणसांनी त्या तारखा पाहिल्या असतील. त्यांना त्या वाकड्या दिसल्या असतील.

समतानं काहीतरी आठवून ते निनावी टिपण पुन्हा उघडलं आणि थेट तळाशी गेली. तिथं 'फाइलीचं नाव असं दिसतं' म्हणून नमुना दिलेला होता. ती लांबलचक ओळ आणि पडद्यावरची ओळ तिनं बोट ठेवून ताडून पाहिली. अक्षरन् अक्षर तीच.

"चार-पाच महिने मी हिच्याकडून शिकून राह्यली," ती म्हणाली.

"करिष्मा," पुष्पांजली म्हणाली. नऊ वर्षांत तिनं हे नाव पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं होतं.

मग तिचं लक्ष पुन्हा कॅलेंडरकडं गेलं. "आठ नोव्हेंबरले काय हाय?"

"काईच नाही. दहा ऑक्टोबरच्या पुढं नोंदच नाही. दोन डिसेंबरले मुदत संपते. चार दिवस राह्यले."

"विसरली नसंन," पुष्पांजली हळूच म्हणाली. "सासरी कोणी पाळत नसतानी जिनं चतुर्थी धरून ठेवली, ते विसरत नाही. अंथरुणाले खिळली असंन, नाहीतर..." "तिची मुदत आपल्याले वाढवता येते?"

"तिच्या नावानं नाही येत. पण हीच फाइल आपल्या नावानं पुढं ठेवता येते. तिनं शोधली तर तिले सापडंन. नाव तेच न."

घरातली बाई आजारी असली, सोयरसुतकात असली, की तिच्या वाट्याचे तांदूळ घरातली दुसरी बाई मुठीत धरते; वसा मोडत नाही. पुष्पांजलीनं समताला मान डोलावली, आणि पुढच्या त्रेपन्न दिवसांसाठी कहाणी पुन्हा जागेवर बसली.

*

घरी आली तेव्हा भगवानराव ओट्यावर कापसाची बोंडं सोलत बसले होते. पुष्पांजलीनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि समोर जमिनीवर बसली. या घरात सासऱ्यासमोर ती अशी कधी बसली नव्हती.

"मामंजी, याची दुसरी प्रत कोणाले देली होती?"

भगवानरावांचे हात चालू राहिले. एक बोंड झालं, दुसरं झालं.

"दोन वर्षं झाले," ते म्हणाले. "जळगाव जामोदले डोळ्याच्या शिबिराले गेलतो. तिथं मोबाइलच्या दुकानात म्हटलं, याच्यात हाय ते सारं दुसऱ्या कार्डात टाकून दे. अन् टपालानं धाडलं."

"पत्ता?"

"तिनं लग्न झाल्यावर पत्र धाडलं होतं. तुमाले सांगतलं, फाडलं म्हून. फाडलं नवतं."

"चिठ्ठी घातली होती का सोबत?"

"काय लिहू?" त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "त्याच्यात माहा आवाज होताच. जे गेली ते गेली म्हून. तुही सासू म्हणे, बसा, आयका. मी दाराआड बसलो होतो न तवा. पुरं आयकलं होतं. ते काई त्याच्यात दिसत नाही."

पुष्पांजलीनं घरात चोवीस वर्षं या माणसाला चहा दिला होता, आणि कहाणी भरताना तो दाराआड जाऊन बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही, हे तिला आज कळत होतं.

"तिनं ते जपलं, मामंजी. दर संकष्टीले ऐकते. भांडणासकट. या महिन्यात तेवढी चुकली."

भगवानरावांनी बोंडांची टोपली बाजूला सारली. "पडून हाय ते. आठ दिवसांमागं त्या पोराचा फोन आलता. संघपालचा. बाबा म्हणे मले. आठवा लागला म्हणे, डॉक्टरनं पलंगावरून उठू नको सांगतलं. या म्हटलं नाही, कोणाले धाडा म्हटलं नाही. नुसतं सांगतलं."

"तुमी काय म्हटलं?"

"काई नाही. ठेवून देला."

"अन् मंग पेटी उघडली."

रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर धूळ उडवत गेला.

"कुठं राह्यतात ते?" पुष्पांजलीनं विचारलं.

"अकोल्याले."

दोन-अडीच तासांचा रस्ता. नऊ वर्षं तिनं मनानं करिष्माला पुण्यात, मुंबईत, कुठं कुठं शोधलं होतं.

"मी आत्याबाईले शबुद देला होता, मामंजी. तिचं पह्यलं बाळंतपण मी करीन म्हून. तुमाले विचारून देला नवता, अन् आताबी विचारून नाही राह्यली. सांगून राह्यली."

एवढं ती या घरात कधी बोलली नव्हती. भगवानराव उठले, धोतर झटकलं, आणि आत जाता जाता उंबऱ्यात थांबले.

"अकोल्याची बस साडेसहाले राह्यते सकाळची. मंगची लय भरून येते."

"तुमी येता?"

"मी कशाले? बाळंतपणात माणसाचं काय काम."

"मंग उद्या नाही. बारशाले."

"पाहू," ते म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी तिनं डिंक तळला, खोबरं किसलं, अळीव निवडून बांधले. नवरा अर्जुनराव मलकापूरला कापसाच्या जिनिंगवर होता, हंगामात त्याचा मुक्काम तिकडंच. त्याला फोन करून सांगितलं. जिनिंगच्या यंत्राच्या आवाजात तो म्हणाला, "तिले म्हणा, दादा इचारून राह्यला होता." समताला निरोप धाडला, की पुढच्या संकष्टीला मी इथं नसले तर तूच बटण दाब. समताचं उत्तर आलं, 'मी तांदूळही घेईन मुठीत, वहिनी. घरी आईला सांगणार नाही.'

शनिवारी उजाडायच्या आत तिनं आंघोळ केली, देवापुढं दिवा लावला आणि आज काही मागितलं नाही. पिशवी उचलायला गेली तर वर एक घडी ठेवलेली होती. भगवानरावांचं जुनं धोतर, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं, चार सारख्या तुकड्यांत फाडून नीट घडी घातलेलं. बाळाला पहिलं अंगावर घालतात ते असंच, घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगानं मऊ केलेलं कापड असतं. आतल्या खोलीत भगवानराव भिंतीकडं तोंड करून पडले होते. झोपलेला माणूस इतका स्थिर झोपत नाही.

पुष्पांजलीनं घडी तळलेल्या डिंकाला लागणार नाही अशी वेगळी, पदराखाली छातीशी धरली. दाराची कडी आवाज न करता काढली, चपला हातात घेऊन ओटा उतरली, खाली उतरल्यावर पायात घातल्या, आणि थंडीत डोक्यावर पदर ओढून हायवेच्या थांब्याकडं चालू लागली.